तीस सेकंदांचे बालरोगतज्ज्ञ

परतुरात आता बालरोगतज्ज्ञांची टंचाई उरलेली नाही. ज्याच्या हाती फोन, त्याच्या घरी तज्ज्ञ, तोही वाजंत्रीसकट. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेले एक गृहस्थ सांगतात, तान्ह्याला मध चाटवा, बुद्धी तल्लख होते. (वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम होऊ शकतो, हे सांगायला तीस सेकंद पुरत नसावेत.) पुढच्या रीलमधल्या ताई म्हणतात, ऊन फार, दोन महिन्यांच्या बाळाला पाणी पाजा. पहिले सहा महिने मराठवाड्याच्या उन्हातही फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही. पण या सल्ल्याला नाचता येत नाही.

गल्लीतल्या आशाताई तर अगदीच मागासलेल्या. जुलाब लागले की ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात, उरलं तर २४ तासांनी फेका, झिंकच्या गोळ्या १४ दिवस. वर पैसेही घेत नाहीत, म्हणजे संशयाला जागा आहेच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-ग्लुकोजच्या पाण्यावर असंख्य जीव वाचवले. पार्श्वसंगीत लावायचं तेवढं राहून गेलं.

आणि १४ दिवस चालणारी रील बघणार कोण? तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, गोळ्या फळीवर जातात. आशाताई चौकशीला आल्या, तर आजीच उलट विचारते, “बाई, तुमचे फॉलोअर किती?”