हस्तलिखित रुजू होते

मामलेदार कचेरीत सात-बाराच्या उताऱ्यासाठी ज्यांनी आपल्या उमेदीचे दिवस बाकावर बसून काढले, त्यांच्यापैकी पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते की, उतारा आता घरबसल्या मिळू लागल्यामुळे अर्ज, पुरवणी, शेरा, हरकत, मुदत आणि नामंजुरी या सहा अंगांनी परिपूर्ण असलेली आपली पुरातन दफ्तरविद्या लयाला गेली. ही समजूत निराधार आहे. त्या विद्येने केवळ स्थलांतर केले असून सांप्रत तिचे वास्तव्य वैद्यकीय प्रतिमाशास्त्राच्या संशोधनपत्रिकांत आहे. म्हणजे क्ष-किरण, सोनोग्राफी, सी.टी. आणि एम.आर.आय. यांच्या साहाय्याने मनुष्यदेहाच्या अंतरंगाची जी चित्रे काढली जातात, त्यांविषयी विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेले लेख जेथे छापले जातात, त्या नियतकालिकांच्या ‘लेखकांसाठी सूचना’ नामक प्रकरणात. हे प्रकरण पुष्कळदा त्यात छापल्या जाणाऱ्या लेखांहून लांब असते, आणि आमच्या मते त्यांच्याहून अधिक काळजीपूर्वक लिहिलेले असते.

महाराष्ट्रातील क्ष-किरणतज्ज्ञ या विद्येला अगदीच नवखा असतो असे नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या 1994 च्या कायद्यान्वये गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीमागे त्याला ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो, आणि त्यातील उणीव हाच कायद्याचा भंग समजला जातो; सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली ही तरतूद उचलून धरली. कायद्यामागील हेतू गंभीर आहे आणि त्याची थट्टा करण्याचे पाप आम्ही आपल्या माथी घेणार नाही. सांगावयाचे इतकेच की, रकाना रिकामा राहिला तर यंत्राला सील लागते, हे पाठ असलेल्या मनुष्याचा हात एका नियतकालिकाच्या फॉर्मापुढे तरी थरथरू नये अशी अपेक्षा कोणीही करील. तो थरथरतो.

आमचे एक स्नेही एका वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे अध्यापक आहेत. सज्जन गृहस्थ, दिवसाकाठी शेकडो चित्रे पाहून तितकेच अहवाल सांगतात आणि त्यांपैकी एकाही अहवालात आपले नाव पहिले की दुसरे, असा प्रश्न त्यांना पडत नाही. परंतु पदोन्नतीचा योग जवळ आला की लेख लिहिणे प्राप्त होते, आणि लेख म्हटला की नावांचा क्रम आला. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने 2015 साली असा हुकूम काढला की, पदोन्नतीसाठी मूळ संशोधनच जमेस धरले जाईल, एखाद्या विलक्षण रुग्णाचा वृत्तांत म्हणजे केस रिपोर्ट चालणार नाही, श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच मिळेल, आणि जी पत्रिका केवळ संगणकावर निघते तिच्यातील लेख मुळीच मोजला जाणार नाही. म्हणजे लेख संगणकावरून पाठवावा, संगणकावर तपासला जावा, संगणकावर मंजूर व्हावा. मात्र तो वाळवीच्या उपयोगी पडेल अशा स्वरूपातही उपलब्ध असला पाहिजे, हा दंडक. पुढे 2017 साली नियम फिरला आणि पहिला लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक यांना श्रेय मिळू लागले. तेव्हापासून पत्रव्यवहाराची, एरवी कारकुनाच्या गळ्यात पडणारी, जबाबदारी आपणच उचलावी अशी निष्काम इच्छा प्रत्येक विभागातील ज्येष्ठांच्या मनात उत्पन्न झाली. मग 2020 साली परिषद गेली आणि आयोग आला, पण इच्छा राहिली.

लेखक कोणास म्हणावे याविषयी शास्त्र निःसंदिग्ध आहे. 1978 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमलेल्या वैद्यकीय संपादकांपासून ज्या मंडळाची परंपरा सुरू झाली, त्या मंडळाने यासाठी चार अटी घातल्या आहेत: कल्पनेत अथवा माहितीच्या संकलनात भरीव वाटा, मसुदा लिहिणे किंवा त्यावर साक्षेपाने संस्कार करणे, अंतिम प्रतीस मान्यता देणे, आणि लेखातील प्रत्येक विधानाची जबाबदारी पत्करणे. या चारही अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात. आमच्या स्नेह्यांच्या विभागप्रमुखांनी तिसरी अट दारात उभ्या उभ्या “हं” असे म्हणून पुरी केली. उरलेल्या तीन अटी तिच्यातच अंतर्भूत आहेत, असा अर्थ विभागाने एकमताने लावला.

यानंतर अनामिकतेचा संस्कार होतो. परीक्षकास लेखक कोण हे कळू नये आणि लेखकास परीक्षक कोण हे कळू नये, या उदात्त हेतूने नावांचे पृष्ठ निराळ्या फाइलीत ठेवतात आणि मूळ मजकुरातून संस्थेचा उल्लेख वगळतात. संस्थेचे नाव खोडून तिच्या जागी ‘पश्चिम भारतातील एका शतकाहून जुन्या, समुद्रकिनाऱ्याजवळील शासकीय रुग्णालयात’ असे लिहिले की गुप्ततेचे समाधान होते, आणि खाली ‘आम्ही पूर्वी दाखवून दिल्याप्रमाणे’ म्हणून स्वतःच्याच जुन्या लेखाचा क्रमांक दिला की परीक्षकाची जिज्ञासाही अतृप्त राहत नाही.

पण खरी मौज चित्रांची. ज्या शास्त्राचे सर्वस्व चित्र आहे, त्या शास्त्राच्या लेखात चित्राची जी गत होते ती जवळून पाहण्यासारखी असते. आमच्या स्नेह्यांच्या लेखातील ‘चित्र 2 अ’ हे मेंदूच्या एम.आर.आय.चे होते. फीतकृमीची अळी मेंदूत घर करते तेव्हा तेथे पाण्याने भरलेली एक लहानशी गाठ दिसते आणि गाठीच्या आत, बहुधा एका कडेला, एक ठिपका असतो. हा ठिपका म्हणजे अळीचे डोके, आणि तेच निदानाचे मर्म. मूळ चित्र यंत्राच्या संगणकातून जागेअभावी केव्हाच पुसले गेले होते. उरली होती ती फिल्म, आणि ती होती बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरी, कपाटावर. ती मागवून, व्ह्यू बॉक्सवर लावून, एका निवासी डॉक्टरने मोबाइलने टिपली. तीत गाठ आली, ठिपका आला, आणि वरच्या कोपऱ्यात छताच्या पंख्याचे एक पातेही आले. पाते कापता आले. परंतु पत्रिकेची अट होती इंचास 300 ठिपक्यांची आणि चित्र निघाले 72 चे. तेव्हा त्या चतुर मुलाने संगणकाच्या चौकटीत 72 खोडून 300 हा आकडा घातला. चित्र होते तितकेच धूसर राहिले. मात्र आता ते नियमास धरून धूसर होते.

मग बाण. बाणाचे स्वतंत्र धर्मशास्त्र आहे: एका विकृतीस पूर्ण बाण, दुसरीस नुसते बाणाचे टोक, तिसरीस तारका, आणि प्रत्येकाचा खुलासा चित्राखालच्या मजकुरात, शिवाय काळ्यावर पांढरा आणि पांढऱ्यावर काळा. आमच्या स्नेह्यांनी बाण मारला तो इतका अचूक की, ज्या ठिपक्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता तो टोकाखाली गडप झाला. परीक्षकाने शेरा मारला: बाण सुबक आहे, परंतु तो कशाकडे निर्देश करतो ते समजत नाही.

फिल्मच्या कडेला छापलेले रुग्णाचे नाव पुसावे लागते हे उचितच; डोळ्यांवर काळी पट्टी ओढून चेहरा लपवल्याचे समाधान मानण्याची जुनी रीतही आता अमान्य झाली आहे, तेही उचितच. संमतिपत्र मात्र हवेच हवे. सदर शेतकऱ्यास बोलावून इंग्रजी संमतिपत्राचा मराठी तर्जुमा वाचून दाखवण्यात आला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, सही केली, आणि एकच प्रश्न विचारला: “डॉक्टरसाहेब, फिल्म परत कधी मिळंल? पुढचा डॉक्टर मागतोय.” या प्रश्नासाठी संमतिपत्रात रकाना नव्हता.

संख्याशास्त्राविषयी फार लिहीत नाही. दोन तज्ज्ञांनी एकमेकांस न विचारता तीच चित्रे वाचावीत आणि त्यांच्यातील मतैक्य ‘काप्पा’ नामक अंकाने मोजावे, असा शिरस्ता आहे. हा अंक 0.61 ते 0.80 असल्यास मतैक्य भरीव आणि त्यापुढे जवळजवळ परिपूर्ण, अशी प्रतवारी लँडिस आणि कॉख यांनी 1977 साली लावली. ती मनमानी आहे अशी कबुलीही त्यांनी त्याच लेखात दिली. प्रतवारी जगभर रूढ झाली, कबुली मात्र मागे राहिली. ज्या दोन तज्ज्ञांचे रजेच्या वेळापत्रकावर वर्षानुवर्षे एकमत झालेले नाही, त्यांचा काप्पा 0.82 निघालेला आम्ही या डोळ्यांनी पाहिला आहे. लेखाच्या शेवटी मर्यादांची कबुली येते, ती मात्र पाठच करून ठेवावी: अभ्यास पूर्वलक्षी होता, एकाच केंद्रातील होता, रुग्णसंख्या अल्प होती. ही त्रिसूत्री ज्या लेखात नाही तो एक तर अप्रामाणिक असावा किंवा अमेरिकेतला.

या दफ्तराचा मुलाहिजा या शास्त्राच्या जनकालाही बाळगावा लागला असता तर काय झाले असते, हा विचार आम्हांस कधी कधी गुदगुल्या करतो. रॉन्टगेन यांनी 8 नोव्हेंबर 1895 रोजी नवे किरण पाहिले, 22 डिसेंबरला पत्नीच्या हाताचे अंगठीसकट चित्र घेतले, 28 डिसेंबरला आपले हस्तलिखित वुर्झबर्गच्या भौतिक-वैद्यक मंडळाच्या चिटणिसाकडे दिले, आणि 1 जानेवारी 1896 रोजी छापील प्रती टपालात टाकल्या. लेखक एक, परिच्छेद 17, शेवटी संदर्भसूची नाही. चित्रे तर लेखात नव्हतीच, ती त्यांनी प्रतींसोबत निराळी धाडली. आजचा कारकून हा लेख परीक्षकापर्यंतही पोहोचू देता ना: चित्रे चढवलेली नाहीत; रुग्णसंख्या एक; रुग्ण लेखकाची पत्नी, सबब हितसंबंध जाहीर करावेत; अंगठीवरून ओळख पटते, सबब संमतिपत्र जोडावे; नीतिसमितीचा जावक क्रमांक नाही. या दुरुस्त्या होईपर्यंत 1901 उजाडले असते आणि भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक दुसऱ्या कोणाच्या पदरात पडले असते.

आमच्या स्नेह्यांचा लेख परीक्षकांपर्यंत पोहोचला हे त्यांचे भाग्य. तत्पूर्वी तो ओळींना क्रमांक नाहीत म्हणून परत आला, पाठोपाठ कळीचे शब्द वर्णानुक्रमे नाहीत म्हणून परत आला, आणि मग मस्कतला नोकरीस गेलेल्या एका सहलेखकाची सही कॉपीराइटच्या फॉर्मावर नाही म्हणून परत आला. पहिल्या परीक्षकाने प्रस्तावना विस्तारण्यास सांगितले आणि दुसऱ्याने ती निम्मी करण्यास. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे अशा गृहस्थाकडून भाषा तपासून घ्यावी, यावर मात्र दोघांचा काप्पा परिपूर्ण होता. या परीक्षकांना मोबदला मिळत नाही हे न्यायाने नमूद केले पाहिजे. 1976 च्या कायद्याने देशात वेठबिगारी बंद झाल्याची वर्दी या एका वर्गास अद्याप कोणी दिलेली नाही; आणि लेख सर्वांस विनामूल्य वाचता यावा असे वाटल्यास प्रकाशक लेखकाकडून जे शुल्क मागतो, ते हजारांत असते व डॉलरांत असते. उत्तराच्या खलित्याचा मायना ठरलेला: ‘परीक्षकमहोदयांच्या अत्यंत मार्मिक सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ त्याप्रमाणे आमच्या स्नेह्यांनी ऋण मान्य करीत करीत प्रस्तावना प्रथम वाढवली, नंतर घटवली, आणि ‘चित्र 2 अ’ गुणवत्तेच्या कारणास्तव वगळण्याची सूचना शिरसावंद्य मानली. लेख मंजूर झाला. स्नेही बढतीच्या यादीत आहेत. विभागप्रमुखांचे नाव पत्रव्यवहाराच्या जागी आहे. फीतकृमीची अळी लेखात नाही.

फिल्म अद्याप विभागातील कपाटात आहे. तेव्हा वाचकांस आमची विनंती अशी की, घरी कपाटावर पडलेली जुनी फिल्म एखाद्या डॉक्टरांनी शास्त्राच्या सेवेसाठी मागितली, तर ती आनंदाने द्यावी, संमतिपत्रावर स्वच्छ अक्षरांत सही करावी, सहीखाली तारीख घालावी, कारण तारखेवाचून लेख परत येतो. आणि फिल्मची पोच हातात पडल्याखेरीज तेथून हलू नये.