लोगो : पार्टी, प्रूफ आणि फायनल

व्यवसायाची ओळख एका नजरेत पटावी म्हणून जे चिन्ह काढतात, त्याला लोगो म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मात्र गिऱ्हाइकाने तो ओळखावा ही अपेक्षा दुय्यम असते. घरातल्या कोणाचे मन दुखावू नये, ही मुख्य. त्यामुळे इथला लोगो चित्रापेक्षा वार्षिक सभेच्या इतिवृत्तासारखा दिसतो: हजर असलेल्या सर्वांची त्यात नोंद असते.

लोगो काढून घेणाऱ्याला या धंद्यात पार्टी म्हणतात. काढणारा कितीही शिकलेला असला तरी डीटीपीवालाच. पार्टी दुकानात येते ती गाडी चालू ठेवून. "एक लोगो पायजे. मोठं काम न्हाई, पाच मिन्टाचं हाय." पाच मिनिटांचे हे काम साधारणपणे पितृपंधरवड्याच्या आधी सुरू होते आणि पाडव्याच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री दीड वाजता संपते.

चित्रकलेचे या मुलखाला वावडे होते असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले. 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. जागा औंध संस्थानाची, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. जागा देणारा आणि घेणारा दोघेही चित्र काढणारे, असा योग पुढे कुठल्या एमआयडीसीत आल्याचे दिसत नाही. रंग कळत नसतील तर रंगांपासून दूर राहावे, ही लक्ष्मणरावांची रीतही पुढच्या उद्योजकांनी उचलली नाही.

किर्लोस्करांच्या नोकरीत काही काळ काढलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष. एकच झाड, आणि ते पाहून संस्था ओळखू येते. या यशाचा परिणाम असा झाला, की दहा बाय बाराच्या खोलीत चालणाऱ्या क्लासलाही वटवृक्षच लागतो, पारंब्यांसकट.

लोगोचे काम पार्टीच्या अपेक्षा ऐकून सुरू होते. अपेक्षा ठरलेली असते: कायतरी वेगळं पाहिजे, आजवर कुणी केलं नसेल असं. एवढे सांगून पार्टी मोबाइल काढते आणि समोरच्या दुकानाचा लोगो दाखवते. "हे बगा. असंच, पण आपलं वाटलं पायजे."

त्यानंतर घटक ठरतात, आणि लोगोशास्त्राचा हा सर्वांत समृद्ध भाग आहे. सांगलीच्या हळदीच्या व्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. त्याला हळकुंड हवे असते, ते रास्त आहे. हळकुंडाशेजारी हळदीचे रोप हवे असते, कारण नुसते हळकुंड आल्यासारखे दिसते असे कोणीतरी म्हटलेले असते. गाव सांगली म्हणून गणपती आला. गणपतीमागे कृष्णा नदी, आणि नदी आली की आयर्विन पूल आलाच. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्याचाही एखादा शिक्का कोपऱ्यात बसवावा लागतो. हे सगळे मावले की पार्टीला हरिपूरची आठवण होते. हळद साठवायची पेवे तिथली, आजोबांची दोन होती, ती दिसली पाहिजेत. पेव जमिनीखाली असते आणि वरून पाहणाऱ्याला फक्त तोंड दिसते, ही अडचण मांडली की पार्टी थोडा विचार करते. "मग जमीन कापून दावा की."

साताऱ्याकडे घटक बदलतात, संख्या बदलत नाही. पेढा असो, ठिबक असो वा दातांचा दवाखाना, मागे अजिंक्यतारा उभा राहतो. महाबळेश्वराकडच्या पार्टीला स्ट्रॉबेरी हवी असते, मग धंदा जेसीबी भाड्याने देण्याचा का असेना. तासगावचा बेदाणेवाला त्या मानाने समंजस. त्याला फक्त घड हवा असतो, पण त्यातले मणी मोजून घराण्यातल्या भावांइतके.

काही घटकांना कायद्याची आडकाठी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव वा चित्र व्यापारी चिन्हात वापरायचे तर बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्यानुसार केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. राष्ट्रध्वजालाही हाच नियम. मराठ्यांच्या राजधानीत हे ऐकवणे सोपे नसते. पार्टी गप्प होते, मग तोडगा काढते: "बरं, नुस्ती तलवार घ्या." श्रीखंडाच्या डब्यावर तलवार येते ती या वाटेने.

पहिले प्रूफ तयार झाले की ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. इथून पुढे पार्टी एकटी उरत नाही. पुण्यात आयटीत असलेले दाजी म्हणतात, यातलं निम्मं काढा, आजकाल साधं चालतं. दाजींचा मान मोठा, म्हणून निम्मे काढले जाते. संध्याकाळी थोरले काका विचारतात, पूल का काढला? काकांचे वय मोठे, म्हणून पूल परत येतो, या वेळी त्यावर एक एसटीही असते. आजीला रंग, अक्षर यातले काही नको असते. तिचा एकच प्रश्न असतो: "ह्यांचा फोटू कुटं हाय?" या प्रश्नाला आजवर कोणत्याही डीटीपीवाल्याकडे उत्तर सापडलेले नाही. आजोबा फेट्यासह आत येतात आणि गणपती थोडा डावीकडे सरकतो.

डीटीपीवाला अशा वेळी स्टेट बँकेचा दाखला देतो. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या शेखर कामत यांनी 1971 मध्ये काढलेले ते चिन्ह: निळा गोल आणि त्यात किल्लीच्या भोकासारखी फट. देशभर ओळखतात. पार्टी चिन्हाकडे शांतपणे पाहते आणि म्हणते, सरकारी हाय, त्यांना चालतंय.

रंगाचा टप्पा त्यामानाने लवकर उरकतो. हळदवाल्याला पिवळ्यावर पिवळे हवे असते. स्क्रीनवरचा पिवळा, फ्लेक्सवरचा पिवळा आणि बिलबुकावरचा पिवळा हे तीन वेगळे रंग असतात, कारण स्क्रीन उजेडातून रंग दाखवते आणि छपाई शाईतून. हे पार्टीला पटते. "मग तिन्ही घ्या." खरी कसोटी मात्र रबरी शिक्क्यावर लागते. अंगठ्याएवढ्या जागेत नदी, पूल, एसटी, पेव आणि फेटा उमटवले की पावतीवर शाईचा एक गोल डाग पडतो. व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत वेगळीच पंचाईत: चौकोनी लोगोचे कोपरे कापले जातात, आणि कोपऱ्यात नेमके आजोबा असतात.

अक्षरांबाबत पार्टीचा ओढा इंग्रजीकडे असतो, त्यातही ॲग्रो, टेक आणि ग्लोबल या शब्दांकडे. पण 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या सर्व दुकानांची पाटी देवनागरी मराठीत लागते आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिने दिले होते. त्यामुळे 'ग्लोबल' हा शब्द आता देवनागरीत भरघोस वेलांट्यांशिवायही भारदस्त दिसावा, असे नवे काम डीटीपीवाल्याकडे आले आहे.

दुरुस्त्यांची मोजणी फाइलींच्या नावांवरून होते. फायनल, फायनल नवीन, फायनल काका, फायनल दाजी, अंतिम फायनल, आणि शेवटी पहिले प्रूफ. बहुधा पहिलेच पसंत पडते, फक्त त्यात आजोबा घालून.

मोबदल्याचा विषय पार्टी स्वतः काढत नाही. काढावा लागलाच तर, लोगोचे कसले पैसे, कार्डं तुमच्याकडंच छापणार की, असे उत्तर मिळते. पुतण्याने वाचलेले असते की नायकेचे चिन्ह 1971 मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने 35 डॉलरला काढून दिले. पुढे 1983 मध्ये कंपनीने तिला शेअर दिले, एवढा भाग पुतण्याच्या वाचनातून सुटलेला असतो. नॉनव्हेज जेवण, हळदीची पुडी आणि उद्घाटनाला पहिल्या रांगेत खुर्ची ही मोबदल्याची प्रचलित रूपे आहेत. रोख रकमेतला निम्मा भाग 'बसू की एकदा' या सदरात जमा राहतो.

ट्रेडमार्कची नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि पुढे दहा-दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. पार्टी नोंदणी करत नाही, कारण आपला लोगो कोण चोरणार, अशी तिची खात्री असते. ती वाटणी होईपर्यंत टिकते. भाऊ वेगळे निघाले की धाकटा शेजारच्याच गाळ्यात तोच लोगो लावतो, आणि दोन्ही पाट्यांवर 'आमची कोठेही शाखा नाही' असे लिहिले जाते. मग थोरला वकिलाला घेऊन डीटीपीवाल्याकडे मूळ फाइल मागायला येतो. ही फाइल द्यायच्या आधी जुनी बाकी मागता येते आणि ती मिळतेही. दोन दिवसांनी धाकटाही येतो. त्याला कायतरी वेगळं पाहिजे असतं, असंच, पण आजोबा उजवीकडे.