टपरीवरील न्यायासन

जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराची फिर्याद 2006 साली दाखल झाली, माजी मंत्री सुरेशदादा जैन 2012 च्या मार्चमध्ये अटकेत गेले आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 आरोपींना दोषी धरून जैनांना 7 वर्षांचा कारावास व 100 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. म्हणजे दस्तऐवज, साक्षी आणि उलटतपासणी यांस तब्बल 13 वर्षे लागली. हाच मुकदमा जळगावातील गोलाणी मार्केटच्या चहाच्या टपरीवर मात्र एका कटिंगच्या अवधीत निकाली निघत असे. आरोपपत्राचे मुखपृष्ठही न पाहिलेले आमचे नामदार न्यायमूर्ती, भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या तेलकट अर्ध्या पानाच्या आधारे, सकाळी ‘दादाले फसाडं रे भो’ आणि सायंकाळी ‘माले त पहिलेच माहीत व्हतं’ असे परस्परविरुद्ध निवाडे सारख्याच स्थितप्रज्ञतेने देत. ज्यांच्यासाठी ती घरे योजिली होती, त्या झोपडपट्टीवासीयांचे काय झाले, हा मुद्दा तेथे कधी पटलावर आलाच नाही. ज्या शहराने दादांना वर्षानुवर्षे विधानसभेवर पाठविले, त्यास या खटल्यात ना आरोपी केले गेले, ना साक्षीदार; म्हणूनच बहुधा त्याने न्यायाधीशाची खुर्ची बळकावली असावी. धुळ्याच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील झाले. टपरीच्या निवाड्यावर ते चालत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी ते न्यायपीठ नव्या आरोपीच्या सुनावणीत गढलेले असते.