साठ दिवसांनी भूक लागेल का?

आपल्याकडे हॉटेलात जागा धरायची पद्धत सोपी आहे. जो माणूस दहीभातापर्यंत आला आहे त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं आणि त्याच्या ताटाकडे बघत नसल्यासारखं बघायचं. या एका कलेवर आपल्या कित्येक पिढ्या जेवल्या. फ्लोरिडात, ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये मात्र ही कला कामाची नाही. तिथे १७ मे रोजी संध्याकाळी पाच चाळीसला तुम्हाला भूक लागणार आहे की नाही, हे १८ मार्चला ठरवावं लागतं. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत आणि नातवंडांना मिकी दाखवायचा बेत आपोआप ज्यांच्या गळ्यात पडला आहे, अशा नवशिक्यांसाठी ही माहिती.

सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि उलटे ६० दिवस मोजा. बोटावर, एकेक. ६० दिवस म्हणजे दोन महिने, असं समजून मी १७ मार्चला सगळी तयारी करून बसले होते. घरात सर्वांना आवाज न करण्याची ताकीद दिली होती, दुधाचं पातेलंसुद्धा गॅसवरून उतरवलं होतं. बुकिंग उघडलंच नाही, कारण ते दुसऱ्या दिवशी होतं. जावयांनी फोनवर फक्त ‘असू दे’ एवढंच म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो मला कळला. नाताळात जाणार असाल तर २५ डिसेंबरच्या जेवणाचा दिवस येतो २६ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. करंज्यांचं सारण दुसऱ्या कोणाला तरी ढवळायला सांगून ठेवा.

आता वेळ. बुकिंग तिथल्या पहाटे सहाला उघडतं. मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे असतात, त्या काळात आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. पुणेकर इथेच थांबून डोळे मिटतील, हे मला माहीत आहे. एक ते चारच्या मधोमध घाव घालणारी दुसरी संस्था मी पाहिली नाही. हिवाळ्यात हीच वेळ साडेचारची होते, म्हणजे चहाबरोबर उरकता येते. तरी तक्रार करायला जागा नाही, कारण कॅलिफोर्नियात तेव्हा रात्रीचे तीन वाजलेले असतात. माझ्या लेकीचा ‘आई, तू जागीच असतेस ना दुपारची?’ असा गोड फोन आला तो याच हिशेबापोटी.

यात घाबरण्यासारखं काही नाही. तुम्ही कधी गणपतीसाठी कोकण रेल्वेचं तिकीट काढलं आहे का? मग तुम्ही नवशिके नाहीच. १ नोव्हेंबर २०२४पासून आपल्या रेल्वेचं आगाऊ आरक्षणही ६० दिवसांवर आलं आहे, त्यामुळे बोटांनासुद्धा सवय झालेली असते. नावं आधी लिहून ठेवणं, पासवर्ड दोनदा तपासणं, ठोक्याला बटण दाबणं, ‘उपलब्ध नाही’ आल्यावर देवाचं नाव घेऊन पुन्हा दाबणं, सगळं तेच. फरक एवढाच की रेल्वेत बर्थचा नंबर तरी मिळतो. इथे टेबल राखून ठेवलेलं नसतंच. तुमच्याएवढ्या माणसांचं पुढचं जे टेबल मोकळं होईल ते तुमचं, एवढाच या आरक्षणाचा अर्थ. थोडक्यात, त्यांनीही तुम्हाला खुर्चीमागेच उभं केलं आहे, फक्त दोन महिने आधीपासून.

डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना एक सवलत आहे, तेवढी नीट समजून घ्या. मुक्कामाचा पहिला दिवस ६० दिवसांवर आला की पुढच्या १० दिवसांपर्यंतची सगळी जेवणं त्याच वेळी धरता येतात. म्हणून ज्या जागेवर उड्या पडतात ती मुक्कामाच्या शेवटच्या दिवसांत मागावी. तिथे अजून गर्दी पोचलेली नसते.

कुठे जेवायचं, यावर घरात भांडण होईल. नात असेल तर ती सिंड्रेलाच्या किल्ल्यातच जेवायचं म्हणेल. १९७१ साली उघडलेल्या मॅजिक किंगडम या पार्कच्या मधोमध हा किल्ला आहे आणि आत खरोखरच भोजनगृह आहे. १९९७पर्यंत ते ‘किंग स्टीफन’ यांच्या नावावर होतं. हे स्टीफन महाराज म्हणजे झोपी गेलेल्या राजकन्येचे वडील. सिंड्रेलाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. सीतेच्या स्वयंवरात द्रुपदानं पंगतीला आग्रह करावा तसलाच हा प्रकार, पण पंचवीस वर्षं कोणाचा घास अडला नाही. नातू असेल तर त्याला एपकॉट या दुसऱ्या पार्कमधलं, २०२१ साली सुरू झालेलं ‘स्पेस २२०’ हवं असतं. पृथ्वीपासून २२० मैलांवर बसून जेवल्याचा देखावा असतो तिथे. लिफ्ट वर गेल्याचा नुसता भास होतो, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनीही खुशाल जावं.

माझं मत विचाराल तर या दोन्ही जागा मुलांवर सोडा आणि आपण ‘सना’ धरून ठेवा. अ‍ॅनिमल किंग्डम लॉज नावाच्या हॉटेलात ते आहे, पार्कच्या आत नाही, म्हणून पार्कचं तिकीट लागत नाही. खिडकीबाहेर मोकळ्या माळावर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. तिथला गाजलेला पदार्थ कोणता? तर नान, कुलचा, पराठे आणि त्याबरोबर नऊ वाट्या. त्यांत काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं. आपल्या पानात डावीकडे न मागता जे येतं आणि ज्याचे पैसे मागितले तर आपण मॅनेजरला बोलावू, ते खायला जगभरची माणसं दोन महिने आधी नंबर लावतात. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर हेच वाढलं, पण जिराफ नसल्यामुळे कोणी कौतुक केलं नाही. वेळ मात्र उजेडातली घ्या. अंधार पडला की जिराफ दिसत नाहीत आणि मग उरतात फक्त चटण्या.

माणसं किती, हे भरताना मोकळेपणानं भरा. जिथे पात्रं टेबलाशी येऊन भेटतात आणि माणशी ठरलेला दर असतो, तिथे तीन ते नऊ वर्षांपर्यंत मुलाचा दर लागतो आणि दहाव्या वर्षी मूल मोठ्यात जमा होतं. एसटीच्या हाफ तिकिटावर वाढलेल्या आपल्या पिढीला इथे थोडा मोह होतो. नातू स्वतःच टेबलाशी आलेल्या गूफीला खरं वय सांगून टाकतो.

पोचायला किमान तासभर हाताशी ठेवा. चार पार्क, डझनांनी हॉटेलं आणि मध्ये बस, बोट, मोनोरेल असा हा पसारा आहे. ‘इथंच तर आहे’ हे वाक्य तिथे उच्चारू नये.

आणि एवढं करूनही काहीच मिळालं नाही तर? मोबाइलवर मागवून काउंटरवरून घ्यायची ठिकाणं खूप आहेत, तिथे आरक्षण लागत नाही. बर्फाचं पाणी फुकट मिळतं. शिवाय पार्कमध्ये घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी नको आणि गरम करावं लागेल असं काही नको. दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, सगळं चालतं. हे वाक्य मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आधी सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं वाचलं नसतं.

एक विनंती आहे. बेत बदलला तर आरक्षण रद्द करा. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत ते करता येतं, नाही केलं तर माणशी १० डॉलर जातात. पण डॉलरसाठी नव्हे, आमच्यासाठी करा. सना, १७ मे, संध्याकाळी सहाच्या सुमारास, पाच माणसं. मी दुपारी झोपत नाहीये सध्या.