आधी तिला विचारा

संडासाचं दार आत उघडावं की बाहेर? अभियंत्याला हा प्रश्नच पडत नाही.

हातात भरलेली बादली असलेल्या बाईला रोज पडतो.

पुण्यात १९९९ साली, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, वस्त्यांमधल्या सार्वजनिक संडासांचं काम स्वयंसेवी संस्थांकडे गेलं. ‘महिला मिलन’ या वस्त्यांमधल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका आराखड्याला बसल्या. बायकांचं आणि पुरुषांचं प्रवेशद्वार वेगळं झालं, कारण एका रांगेत पुरुष पुढे घुसतात हे त्यांनी भोगलं होतं. दारं दोन्हीकडे उघडू लागली. पोरांसाठी वेगळे, छोटे संडास आले. मोठ्यांच्या भांड्यात पडायच्या भीतीने पोरं उघड्यावर बसायची. पाण्याला मोठी टाकी आली, देखभाल करणाऱ्याला तिथेच खोली मिळाली.

यातलं कुठलं शास्त्र अवघड होतं? विचारलं कुणी नव्हतं.

पाण्याचंही तेच. मुंबईच्या गोरेगावात मृणाल गोरेंनी पाण्यासाठी इतके मोर्चे काढले की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’च म्हणू लागले. १९७७ साली त्या लोकसभेत गेल्या. हंडे मात्र अजून बायकांच्याच डोक्यावर आहेत.

मुंबईत मुतारी पुरुषांना फुकट होती, बायकांना पैसे पडायचे. निसर्गाची हाक दोघांनाही येते, मग पावती एकीलाच का? हे विचारायला २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची, म्हणजे लघवीच्या हक्काची, मोहीम उभी राहिली. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने याचिका केली. डिसेंबर २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहं बांधायला बजावलं.

लघवीसाठी कोर्टाची पायरी!

आता गावांकडे बघा. घरोघरी नळ देण्यासाठीचं जलजीवन मिशन २०१९ पासून सुरू आहे. नियम चांगला आहे: पाणी समितीत निम्म्या बायका, पाणी तपासायचं प्रशिक्षण गावातल्या पाच जणींना. पण बैठक कधी? संध्याकाळी, भाकऱ्या थापायच्या वेळी. वहीत तिची सही, चर्चेला तिचा नवरा. आणि नळ कुठे बसतो? जिथे ठेकेदाराला सोपं पडतं तिथे.

उन्हाळ्यात विहीर कधी आटते, कुठल्या आळीला पाणी पोचत नाही, हे गावात सगळ्यात आधी कुणाला कळतं?

तुमच्या गावची पुढची बैठक कधी आहे? तिची वेळ बायकांना विचारून ठरवा. आणि पाइप पुरण्याआधी नकाशा त्यांच्यापुढे अंथरा.