पिवळा स्वेटर

दक्षिण अमेरिका पाहायची, ही माझी शाळेपासूनची इच्छा. नकाशात तो खंड वांग्यासारखा दिसतो आणि वांगं मला आवडतं, यापलीकडे त्या इच्छेला काही आधार नव्हता. पन्नाशीपर्यंत पै पै साठवून, बायकोची परवानगी काढून, औषधांची डबी आणि आत्यानं विणलेला स्वेटर बॅगेत कोंबून मी पुण्याहून एकदाचा निघालो आणि कोल्हापूरला पोचलो. एसटीनं.

तारीख होती 16 डिसेंबर 2022. कॉलेजातला जुना दोस्त गेली वीस वर्षं 'ये की एकदा' म्हणत होता, त्याच्याकडे चार दिवस राहायचं ठरलं होतं. दार वाजवलं. आतून आवाज आला, ''आलो, आलो! थांबा जरा.'' आवाज जरा बारीक वाटला, पण 'आलो' म्हणजे दोस्ताचे वडीलच असणार, असं समजून मी दार उघडताक्षणी वाकलो आणि ''नमस्कार काका'' म्हणत पायांना हात लावला. पायांत जोडवी होती. कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे दोस्तानं नंतर सांगितलं. काकूंनी मात्र मोठ्या मनानं आशीर्वाद दिला आणि आत जाऊन हसल्या. बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोस्तानं मला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. तिथे म्हशी उभ्या असतात, तुमच्या समोर धार काढतात आणि फेसानं काठोकाठ भरलेला ग्लास हातात देतात. घरी चहात चमचाभर दूध, तेही गाळून आणि साय बाजूला काढून घेणारा मी, त्या कोमट ग्लासकडे बघत बसलो. शेजारी एक पैलवान उभ्या उभ्या दुसरा ग्लास संपवत होता. धीर करून मी विचारलं, ''अर्धा मिळेल का?'' गवळीदादा म्हणाले, ''ल्हान पोरगं संगट आणलंय काय?'' अपमान नको म्हणून मी पूर्ण ग्लास एका दमात रिचवला. दुपारपर्यंत ती म्हैस माझ्या पोटात हंबरत होती.

संध्याकाळी चप्पल लाइन. दुकानदारापुढे आपलं ज्ञान दाखवावं म्हणून मी सांगितलं, की कोल्हापुरी चपलेला 2019 साली जीआय मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आहेत, वगैरे. तो शांतपणे म्हणाला, ''ते कागदावर बसलंय, साहेब. तुमच्या पायात बसतंय का बघा.'' बसत नव्हतं. पण एवढं बोलून झाल्यावर न घेता उठायचं कसं? म्हणून घेतली, 'घालून घालून सैल होती' या आश्वासनावर लगेच पायात चढवली, आणि महाद्वार रोडपासून रंकाळ्यापर्यंत हट्टानं चालत गेलो. चप्पल सैल झाली नाही. मी झालो.

रविवारी डाव्या अंगठ्याशी बोराएवढा फोड घेऊन, लंगडत लंगडत, मी दोस्ताबरोबर पेठा बघायला निघालो. सकाळचा गारवा होता म्हणून आत्याचा स्वेटर घातला होता: पिवळाधमक, आणि पिवळी लोकर संपल्यामुळे गळ्याला न् मनगटांना हिरवी पट्टी. इथून पुढे जे घडलं त्याला माझं अज्ञान जबाबदार आहे. तालीम म्हणजे लाल माती आणि लंगोट, एवढंच मला माहीत. कोल्हापुरातल्या तालमी फुटबॉलचे संघ उतरवतात, पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा घराघरांत दोन तट पडतात आणि विश्वचषक आला की अख्खं गाव ब्राझील न् अर्जेंटिना असं वाटून घेतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गल्लीच्या तोंडावर निळ्या-पांढऱ्या पताका दिसल्या. मला वाटलं, कुणाचं तरी लग्न आहे.

गल्लीत शिरताच पोरं ओरडली, ''नेमार आला रे, नेमार!''

मला ऐकू आलं 'नेमाडे'. लेखक म्हणून कोल्हापूरनं ओळखलं, तेही एवढ्या मोठ्या नावानं! ऊर भरून आला. मी हात जोडून म्हणालो, ''छे हो, त्यांच्या मानानं मी फारच किरकोळ लिहितो.'' पोरं गप्प झाली. मग एकानं माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि सगळी गल्ली हसत सुटली. दोस्तानं बाजूला घेऊन सांगितलं, की नेमार हा ब्राझीलचा खेळाडू, या विश्वचषकात त्याचा घोटा दुखावला होता, ब्राझील 9 तारखेला क्रोएशियाकडून हरून घरी गेलाय, आज रात्री अर्जेंटिनाची फायनल आहे आणि ही गल्ली मेस्सीची आहे. ''भावा,'' तो म्हणाला, ''स्वेटर काढ.'' आत बनियन फाटका होता. नाही काढला.

तरी रात्री त्याच गल्लीनं पडद्यासमोर मला खुर्ची दिली, पायाखाली पाट दिला आणि स्वेटर झाकायला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चादर दिली. अर्जेंटिनाचे दोन गोल झाले होते, 79 मिनिटं फ्रान्सला काही सुचत नव्हतं. आता उरलंय काय, सगळ्यांसाठी चहा सांगून यावं, म्हणून मी उठलो. टपरीपर्यंत लंगडत जाऊन परत येतो तो 2-2. चादर घसरली होती, पिवळा खांदा उघडा पडला होता आणि गल्ली माझ्याकडे बघत होती. ''पाव्हणं, बसा,'' एक आजोबा म्हणाले, ''आणि हलू नकासा.'' मी बसलो. जादा वेळात मेस्सीनं पुन्हा गोल केला, श्वास रोखून मी तसाच बसून राहिलो, पण 118व्या मिनिटाला फोडाला अशी काही कळ आली, की पाय आपोआप हलला. 3-3.

पेनल्टींच्या वेळी दोन पोरं माझे गुडघे धरून बसली होती. चादर डोक्यावरून घेतली होती, म्हणून 4-2 नं जिंकलेली ती फायनल मी फक्त ऐकली. नंतर कुणीतरी चादरीसकट मला उचललं, गुलाल तोंडात गेला, एक चप्पल हरवली. नेमकी उजवी, न चावणारी.

मध्यरात्री घरी पोचलो. फोनवर आत्याचा निरोप होता, 'कोल्हापुरात थंडी बाधली नाही ना रे?'

मी कळवलं, 'थंडी नाही. ब्राझील बाधलं.'