काळ्या पाटीची गाडी

अहो, ऐकलंत का? तीन नंबरच्या वहिनी कोल्हापूरहून परत आल्या, आणि भाऊजी अजून गॅलरीतसुद्धा दिसले नाहीत! छे छे, तब्येत ठणठणीत आहे. गुलाल नडला, दुसरं काय... थांबा, अशा कढीपत्त्याच्या बाजूला या जरा. इथून बोललेलं त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू जातं.

तर त्यांचं कसं ठरलं ते तुम्हाला माहीतच आहे. दारात स्वतःची गाडी असून लेक-जावयासकट कल्याणहून महालक्ष्मी एक्स्प्रेसची तिकिटं काढली. भाऊजी म्हणाले, एवढ्या लांब गाडी हाकत कोण जाणार, त्यात साताऱ्यापासून कागलपर्यंत सहापदरीचं काम, जिथे तिथे डायव्हर्जन. रात्री झोपून जायचं, सकाळी स्टेशनवर उतरलं की तिथलीच गाडी भाड्यानं घ्यायची. इथपर्यंत शहाणपणाचं होतं, मी नाही म्हणत नाही. पण वहिनींना हवी होती ड्रायव्हरसकट, आणि भाऊजींनी आधीच कागदावर हिशोब मांडलेला. गावाबाहेर ड्रायव्हरची गाडी नेली की दिवसाचे अडीचशे-तीनशे किलोमीटरचे पैसे मोजायचेच, मग तुम्ही शंभरच का फिरेनात. वर त्याचा भत्ता. रात्र झाली की आणखी. “जावईबापू असताना परका माणूस कशाला पोसायचा?” असं म्हणाले. जावयाच्या तोंडावर हो! लेकीचा चेहरा जो पडला...

बरं, गाडी आली तर काळ्या पाटीची. वहिनी तिथेच थबकल्या. “देवाला निघालोय आणि काळी पाटी?” मग जावयानं समजावलं, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरवाली, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे आपण चालवायची भाड्याची. खरं तर भाऊजींनी ओळखीतून एक स्वस्तातली शोधली होती. साधी पांढऱ्या पाटीची, कुणाची तरी घरची. जावई त्या एकाच गोष्टीला ठाम नाही म्हणाला. घरची गाडी अशी भाड्यानं देता येत नाही, वाटेत कुठे ठोकली तर इन्शुरन्सवाले हात वर करतात. मुलगा बोलतो कमी, पण बोलतो ते मुद्द्याचं. आपल्या सोसायटीत असा एक तरी जावई... जाऊ दे, पाच नंबरचा विषय नको आत्ता.

तर काय सांगत होते, डिपॉझिट! पाच हजार. लायसन्स बघितलं, आधारचा फोटो घेतला, आणि गाडी देणाऱ्या पोरानं गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला. भाऊजी ऐटीत उभे. जावई म्हणाला, बाबा, आपणही काढू या का? तर म्हणे, “माणसावर विश्वास ठेवायला शिका.” वहिनींनी मात्र कोल्हापूरला उतरल्याचा सेल्फी काढला, नवी इरकल नेसून, गाडीला टेकून. तो सेल्फी लक्षात ठेवा हं.

आता तुम्हीच सांगा, अंबाबाईच्या देवळाला गाडी लागते का? महाद्वार रोडची ती गर्दी, बिंदू चौकातलं पार्किंग भरलेलं. ह्यांच्या घिरट्यांवर घिरट्या. शेवटी गाडी लॉजवर नेऊन लावली आणि रिक्षानं गेले. भवानी मंडप पायी, रंकाळा रिक्षानं, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, तेही रिक्षानंच. आणि काळ्या पाटीची बया लॉजच्या दारात उभी, दिवसाचं भाडं खात! वहिनी काही बोलल्या नाहीत म्हणे. वहिनींचं न बोलणं तुम्ही पाहिलंय ना? दुधाचा पेला खाली ठेवताना आवाज होतो तेवढाच.

पण दुसऱ्या दिवशीचं खिद्रापूर, तिथे मी भाऊजींच्या बाजूनं आहे. नरसोबाच्या वाडीला काय, एसट्या मिळतात. पुढे कुरुंदवाडवरून खिद्रापूरला जायचं म्हणजे हाताशी गाडी हवीच, नाहीतर एसटीच्या वेळा सांभाळत बसा. उसाचे दिवस, पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला. जावई बिचारा मागे मागे. आणि भाऊजी शेजारी बसून, “घे आता, घे, घे... अरे नको!” इतकं देखणं देऊळ आहे हो कोपेश्वराचं. शिलाहारांच्या वेळचं. पुढचा स्वर्गमंडप नुसत्या खांबांवर उभा, आणि वर मधोमध छपरच नाही, गोल आभाळ! देवळात नंदी नाही. सती दक्षाकडे माहेरी निघाली, तेव्हा नंदी तिच्याबरोबर गेला आणि महादेव इथे कोपून बसले, अशी गोष्ट सांगतात. वहिनी एवढं ऐकून लेकीला म्हणाल्या, “कोपेश्वर आमच्याकडेपण आहेत, पण मला नंदी कुठे मिळतोय माहेरी जायला!” भाऊजी मागेच उभे. जावई खांबावरचं नक्षीकाम इतकं निरखून बघायला लागला म्हणे की विचारू नका.

वाडीची बासुंदी आणि कवठाची बर्फी घेतली, तुमच्याकडे आली का? माझ्याकडे बर्फीचे दोन तुकडे आले.

आणि किलोमीटर! दिवसाची मर्यादा होती ना, वर गेलं की किलोमीटरमागे जादा पैसे. भाऊजींची नजर खिडकीबाहेर कमी, मीटरवर जास्त. लेकीला राधानगरीला जायचं होतं, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण, आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे, पुढे दाजीपूरला गवे. तर म्हणे, “गवे टीव्हीवर दाखवतात.” असं कुणी बोलतं का लेकीला?

हं, तर गुलाल. रविवारी जोतिबा. रविवार म्हणजे जोतिबाचा वार, डोंगरावर पाय ठेवायला जागा नाही. चांगभलं म्हणत मुठीनं गुलाल उधळतात, गाभाऱ्यातून बाहेर आलं की माणूस ओळखू येत नाही. पार्किंगमध्ये शेजारी एक पिवळ्या पाटीची गाडी. तिच्या ड्रायव्हरनं सगळ्या शिटांवर जुन्या चादरी घातलेल्या. ह्यांना बघून आपणहून म्हणाला, “मावशी, आधी शिटावर चादर टाका, मग बसा. गुलाल लई चिवट असतोय.” वहिनी ओढणी पसरायला वाकल्या, तर भाऊजी, “झटकलं की जातो! आम्हाला शिकवू नका.” आणि टेकले तसेच. तिथून पन्हाळा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला. गाडी थेट वर जाते, त्यामुळे वहिनींच्या गुडघ्यांना तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जा कोठी सगळं बघता आलं. पण प्रत्येक ठिकाणी उतरायचं, चढायचं, आणि दर वेळी शीट आणखी गुलाबी.

संध्याकाळी गाडी परत. रात्रीची रेल्वे पकडायची घाई. पोरानं दार उघडलं आणि आत बघतच राहिला. क्रीम रंगाची शिटं होती हो! साफसफाईचे पैसे कापले. वर म्हणतो, बंपरवर ओरखडा नवा आहे. भाऊजींचा आवाज चढला, पोराचा त्याहून. त्याचा व्हिडिओ नेमका बंपरपाशी हललेला. तेव्हा वहिनींनी पर्समधून मोबाइल काढला. सेल्फी! इरकलीचा पदर, आणि पदराशेजारी बंपरवर तोच ओरखडा, वर तारीख-वेळ. पोर गप्प. ओरखड्याचा एक पैसा कापला नाही. भाऊजी तर रेल्वे सुटेपर्यंत बोलले नाहीत, जावई मात्र म्हणाला, “आई, तुमच्यासाठी वडापाव आणू?”

आता गंमत ऐका. जोतिबावर भाऊजी नारळाच्या रांगेत असताना वहिनींनी त्या चादरीवाल्या ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवला होता. उन्हाळ्यात बहिणी-बहिणी जाणार आहेत, राधानगरी, गगनबावडा, सगळं. भाऊजींना वाटतंय त्या नाशिकला चालल्यात. तुम्हाला हवा असेल तर नंबर फ्रिजवर चिकटवलाय, ‘गॅसवाला’ म्हणून लिहिलाय. भाऊजी घरात असताना तेवढा मागू नका.